दुसरी बाटली

अजनीच्या रेल्वे क्वार्टरात
अपरात्री कडी वाजली की कॉलबॉय.
नथ्थू त्याचं नाव. सायकल भिंतीला टेकवून
वही पुढे करायचा :
"रणभिसे गार्डसाहेब, दोन पस्तीस, आमल्याची मालगाडी."
बाबा झोपेतच सही करायचे
आणि नथ्थू पुढच्या दाराला.

वेळ ठरलेली नसायची.
कधी नाताळच्या केकला सुरी लावताना,
कधी आई तापानं फणफणलेली असताना,
एकदा तर उपासनेत, तिसऱ्या गीताला,
नथ्थू चपला काढून मागच्या बाकाशी उभा राहिला
आणि पाळकसाहेबांनी नजरेनंच बाबांना सोडलं.

म्हणून पेटी भरलेली.
दोन झेंडे, शिट्टी, धुतलेला पंचा, चिवड्याची पुरचुंडी.
हातबत्तीची काच आई राखेनं घासायची,
वात कापायची, रॉकेल भरायची,
आणि निजायच्या आधी बत्ती कानाशी धरून हलवायची.
आत डुचमळलं की मगच प्रार्थना.
मला वाटायचं, देव त्या आवाजानंच सुरू होतो.

वर्षातून एकदा पाळकसाहेब
दहा कुमारींवर बोलायचे.
पाच शहाण्या, पाच मूर्ख.
तेल मागितलं तर शहाण्या म्हणाल्या, पुरायचं नाही.
मग दार लागलं.
आमेनला आईचे ओठ हलायचे नाहीत.
घरी वरणाला फोडणी देता देता म्हणायची,
"एवढ्या शहाण्या होत्या, तं दोन बाटल्या काहून नाही घेतल्या?"

मोरीवरच्या फळीवर आमच्या दोन होत्या.
एक बाबांच्या बत्तीची.
दुसरीला हात लावला तर पाठीत धपाटा.
दुसरी लिलियनमावशीची, जिचा नवरा
पगार पगाराच्याच दिवशी संपवायचा.
दुसरी वासनिकांच्या पोराची, मॅट्रिकच्या वर्षी.
दुसरी कुणाचीही, जो दारात येऊन म्हणेल,
"काकू, ऐन वेळी संपलं बघा."
आधी का नाही पाहिलं, हे तिनं कधी विचारलं नाही.
सकाळी रेशनच्या रांगेत मात्र
सगळ्यांच्या पुढे तीच.

बाबा भांडायचे. कार्डावर मिळतं किती,
आणि ही वाटते किती.
एकदा पहिली संपली आणि ते दुसरी ओतून घेऊन गेले.
नेमकी त्याच रात्री लिलियनमावशी आली.
आई दारात रिकाम्या हातानं.
पुढचे तीन दिवस बाबांना डबा मिळाला,
शब्द मिळाला नाही.

बाबा गेले तेव्हा कुणी वही आणली नव्हती.
रिटायर होऊन अकरा वर्षं झालेली,
दुपारचे तीन, खुर्चीत,
पायात पॉलिश केलेले बूट.

आता मे. पारा सेहेचाळीसला.
मोहननगरात, तिसऱ्या मजल्यावर,
कूलरच्या ताट्या घूं घूं करत सुकतात.
रॉकेल मिळत नाही, बत्ती कपाटावर धूळ खाते.
आई माझं नाव विसरते, मला लिलियन म्हणते.
पण फ्रिजच्या दारात दोन बाटल्या.
दुसरीला हात लावला तर धपाटा,
हलका झालाय एवढंच.

भर उन्हात बेल वाजते.
मी उठेपर्यंत ती दारात पोचलेली,
भिंत धरत धरत, बाटली घेऊन.
"कितीची गाडी?" ती विचारते.
कुरिअरचा पोरगा, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला,
सोडतो, गटागटा पितो, मनगटानं ओठ पुसतो,
मग पाकिटावरचं नाव पुन्हा वाचतो.
"आजी, पत्ता चुकला वाटते. हे बाजूच्या बिल्डिंगचं हाय."
"चुकला असन बाप्पा पत्ता," आई म्हणते,
"तहान तं नाही ना चुकली."

तो जिना उतरतो.
दुपारी आमच्या नळाला पाणी नसतं.
माठातून, पेल्या-पेल्यानं,
अर्धं फरशीवर सांडत
ती बाटली भरते, बूच लावते,
कानाशी धरून हलवते.

मी डोळे मिटून घेते.